राखलेला गहू

साऱ्या शिवारातला गहू कापून, मळून, पोत्यांत जाऊन बसला होता. भिंगरीआबाचे चार वाफे मात्र रस्त्याच्या कडेला उभेच होते. पिकून पिवळेधमक, वारा आला की खुळखुळणारे. येणारा-जाणारा थांबायचा, आधी गव्हाकडे बघायचा, मग आबाकडे, आणि काहीतरी बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही.

"आबा, यंदा पाखरांना वाटणी दिली वाटतं?"

आबा वरवर हसायचा. आतून अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हा माणूस जन्मापासून एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवायला बसला तरी घास तोंडात आणि नजर दाराबाहेर. लोकांच्या पायाला भिंगरी असते, गावाने ह्याच्या नावालाच लावून टाकली. पेरणीत हा पहिला, कापणीत हा पहिला. आभाळात बोटभर ढग दिसला की ह्याच्या हातात विळा आलाच. अशा माणसाला पिकलेलं पीक राखायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

आणि ते सांगितलं होतं त्याच्याच लेकाने.

लेक शहरात एका गोदामावर मुकादम होता. तो थंडीत बायको-मुलीसकट घरी आला, तो चार दिवसांसाठी नाही, हे कळल्यावर आबाला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने विहिरीपर्यंत विनाकारण तीन चकरा मारल्या. पण लेकाच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याने वैरणीची खोली रिकामी केली, मधे भिंत घालून दोन खोल्या काढल्या, चुना दिला, खिडक्या बसवल्या, मागे फरशीचा संडास बांधला. शहरातले लोक येतील, राहतील, शेतात काम करतील आणि वर आपल्यालाच पैसे देऊन जातील, असं त्याचं म्हणणं.

"काम पण तेच करणार आणि पैसे पण तेच देणार?" कारभारणीने, म्हणजे आबाच्या बायकोने, लेकाच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. "ताप-बिप नाही ना रे?"

"आई, नुसत्या गव्हावर दोन घरं चालत नाहीत. उद्या शेत विकायची वेळ येईल. शेत विकायचं नाही, शेत दाखवायचं. आपण पाहुणे आणू, दूध शेजारून घेऊ, अंडी खालच्या आळीतून घेऊ. आपल्याबरोबर गावाचंही चालेल."

मग त्याने एक गोष्ट सरळ सांगितली. गोदामाच्या मालकाने त्याची जागा उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवली होती. कापणीच्या दिवसांत पाहुणे आले, तर इथेच. नाही आले, तर बिऱ्हाड पुन्हा शहरात.

तेव्हापासून आबाने देव पाण्यात घातले होते. लेक म्हणेल ते ऐकायचं ठरवलं होतं. लेकाने सांगितलं, अंगणात थुंकायचं नाही. आबा थुंकायला बांधापर्यंत जायला लागला. लेकाने सांगितलं, फोटो काढायचाय, विळा डाव्या हातात धरा, उजेड तिकडून येतोय. साठी उलटून गेलेला माणूस डाव्या हातात विळा धरून दात दाखवत उभा राहिला. त्या फोटोची मोठी पाटी रस्त्यावर लागली: 'या, आबांसोबत कापणी करा.' गिरणीवाला, ज्याचं शेत आबाच्या बांधाला लागून होतं, तो पाटीसमोर उभा राहून म्हणाला, "आबा, तुम्ही डावरे कधीपासून झालात?"

हे सगळं आबाने गिळलं. पण गहू गिळवेना.

पाहुणे आधी एका रविवारी येणार होते. मग फोन आला, पोरांच्या परीक्षा आहेत, पुढच्या रविवारी येतो. एक आठवडा म्हणजे शहरात काहीच नाही. पिकलेल्या गव्हाला एक आठवडा म्हणजे काय, ते आबाला विचारा. तो रोज उजाडता वाफ्यावर जायचा, वाकून मातीत बोट फिरवायचा. दाणे सांडलेले दिसायचे. एक दाणा उचलून दाताखाली धरला की कट्‌ वाजायचा. चिमण्यांचे थवे तर सकाळी असे यायचे की जणू त्यांनीच आधी येऊन जागा धरून ठेवली होती. आबा ढेकळं मारायचा. ढेकूळ गव्हात पडलं की आणखी दाणे गळायचे, आणि मग तो स्वतःलाच शिव्या घालायचा.

"अहो, बसा की जरा," कारभारीण म्हणायची.

"कुठं बसू? तो उभा आहे ना तिकडं."

"उभा आहे तर राहू दे. पोरगा राहिला पाहिजे की नाही?"

मग आबा बसायचा. हात मात्र शिवशिवत राहायचे.

शनिवारी दुपारी लेक नव्या गाद्या आणायला तालुक्याला गेला. पाहुण्यांचा पक्का निरोप अजून नव्हता. दोन दिवस त्यांनी फोनच उचलला नव्हता. सूनबाई खोल्यांना पडदे लावत होती. आणि पश्चिमेकडून ढग चढला. पांढरट पोटाचा, काळ्या कडांचा, गारा घेऊन येणारा असतो तसला. वारा पडला. वाफ्यातल्या ओंब्या एकदम स्तब्ध झाल्या.

आबा बांधावर उभा होता. हातात विळा कधी आला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कडेची एक ओळ काढू, असं त्याने मनाशी म्हटलं. एक ओळ गेली तर कुणाला कळतंय. तो वाकला, डाव्या मुठीत ताटं धरली आणि उजव्या हाताने विळा ओढला. खर्र. त्या आवाजाने त्याच्या खांद्यातली इतक्या दिवसांची गाठ सुटली. दुसरी मूठ, तिसरी मूठ. कंबर आपोआप खाली गेली, पाय आपोआप सरकायला लागले. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला, तोही बरा वाटला. एक ओळ संपली तेव्हा दुसरी सुरू झालेली होती. त्याला आनंद होत होता, आणि आपण चूक करतोय हेही कळत होतं. दोन्ही एकदमच होत होतं, आणि हात थांबत नव्हता.

"अहो! काय चालवलंय हे?" कारभारीण ओरडत आली. "वेड लागलं का तुम्हाला? उद्या पाहुणे आले म्हणजे?"

"आभाळ बघ."

तिने आभाळ बघितलं. मग गहू बघितला. कमरेवर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली, आणि मग पदर खोचून गोठ्यात गेली. परत आली ती दुसरा विळा घेऊन. तिचा हात त्याच्यापेक्षा जलद चालला होता, हे त्याने पाहिलं, आणि म्हणून स्वतःचा आणखी वाढवला. शेवटची पेंढी बांधून झाली तेव्हा चारही वाफ्यांत नुसती धसकटं उरली होती.

आणि ढग? तो आला तसा पूर्वेला निघून गेला. चार थेंबसुद्धा नाहीत. मावळतीला आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ.

थोड्याच वेळात लेकाची फटफटी आली. मागे गाद्यांची वळकटी, तोंडावर हसू. "आई! फोन लागला! उद्या सकाळी निघतायत. दोन कुटुंबं. मुलांनी तर विळे धरायचे कसे ते आत्तापासून—"

त्याची नजर वाफ्यांवर गेली. गाडी चालूच राहिली, ती बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

आबा पेंढ्यांजवळ उभा होता. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, म्हणतात ते असंच. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "आभाळ आलं होतं रे."

लेक चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. गाडी बंद करून त्याने गाद्या सोडल्या, खोलीत नेऊन ठेवल्या, आणि हात धुताना पाठमोराच म्हणाला, "बरं झालं. मी सोमवारी मालकांना फोन करतो."

रात्री सगळे जेवायला बसले. चिऊ, लेकाची पाच वर्षांची पोर, आजोबांच्या ताटातला भात चिवडत होती. आबा तिच्या बोटांकडे बघत होता. पोरगी उद्या शहरात जाईल, मग तिथे शाळेत, मग सुट्टीत चार दिवस येईल, मग तेही येणार नाही. हे सगळं त्याला भातात दिसत होतं. आयुष्यभर घाई केली, आणि घाईनेच शेवटी घर रिकामं केलं, असं त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले ते त्याने खाली मान घालून लपवले.

सूनबाई शहरात वाढलेली. ती फार बोलत नसे. तिला इथे करमतं की नाही, हेही अजून कुणाला कळलं नव्हतं. ती जेवण वाढता वाढता थांबली.

"आबा, एक विचारू? कापलेला गहू परत लावता येत नाही का?"

कारभारणीला हसू फुटलं. "अगं बाई, तो काय झेंडू आहे?"

"नाही म्हणजे, उगवायला नाही. नुसता उभा राहायला. एक दिवस."

"त्या नवीन खोलीला पडदे मी शिवलेत," ती पुढे म्हणाली. "मला परत नाही जायचं."

लेकाने मान वर करून बायकोकडे बघितलं. हे तिने त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आबाने ताट बाजूला सारलं. कारभारीण हसायची थांबली होती.

पहाटे फटफटायच्या आधी आबाने मोटर चालू केली आणि पाटाचं पाणी एकाच वाफ्यात सोडलं. माती भिजून मऊ झाली. मग कुदळीने धसकटांच्या मधोमध चिरा पाडायच्या, मूठभर ताटं चिरेत उभी करायची आणि टाचेने चिखल दाबायचा. पहिल्या मुठी आडव्या पडल्या. कारभारीण म्हणाली, खोल घाला. खोल घातल्यावर उभ्या राहिल्या, पण बुटक्या दिसायला लागल्या. सूनबाई पदर खोचून चिखलात उतरली, तिने मुठी जरा जवळजवळ लावल्या. एकमेकींच्या आधाराने त्या तग धरून राहिल्या. लेक बांधावर उभा होता. "हे शुद्ध वेडेपण आहे," तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याच्या हातात कुदळ होती.

आबाची कंबर ताठली. गहू कापताना माणूस पुढे जातो, लावताना मागे सरतो. त्याच्या अंगाला मागे सरायची सवयच नव्हती. आयुष्यात त्याने अशी लाजिरवाणी मजुरी केली नव्हती, आणि इतक्या मनापासूनही कुठली केली नव्हती.

उजाडलं आणि नेमका गिरणीवाला बांधावर आला. त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. मग बांधावर बसूनच घेतलं.

"आबा, गव्हाची लावणी?"

"हसून घे," आबा म्हणाला.

तो हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अहो, काल कापला, आज लावला, उद्या फळं धरणार का?" मग डोळे पुसून म्हणाला, "पाहुण्यांसाठी ना? मी नाही कुणाला सांगायचो." आणि सरळ जाऊन साऱ्या गावाला सांगून आला.

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा त्या रस्त्यावर गावातल्या प्रत्येकाला काही ना काही काम निघालेलं होतं. कुणी म्हैस चारत होता, कुणी सायकलची साखळी बसवत होता, दोन बायका रिकामी घागर घेऊन गप्पा मारत होत्या. सगळ्यांच्या नजरा एकाच वाफ्यावर. चोराच्या मनात चांदणं. आबाला प्रत्येक खोकल्यात हसू ऐकू येत होतं.

गाडीतून दोन जोडपी उतरली, तीन पोरं उतरली, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत एक म्हातारा उतरला. पाहुण्यांपैकी एकाचे वडील. उतरल्या उतरल्या त्याने खाली वाकून मातीला हात लावला.

"बाबांना जरा बाहेरची हवा," त्याचा मुलगा आबाच्या लेकाला म्हणाला. "घरात नुसते खिडकीशी बसून असतात."

चहा झाला, फोटो झाले, आबाशेजारी उभं राहून पुन्हा फोटो झाले. ह्या वेळी त्याने विळा उजव्या हातात धरला आणि लेकही काही बोलला नाही. मग कापणी. आबाने दाखवलं: "असं धरायचं. वर धरायचं. ताट ओढायचं नाही, विळाच ओढायचा." तो ते इतक्यांदा म्हणाला की एक पोरगं त्याची नक्कल करायला लागलं. चिखल झाकायला कारभारणीने वाफ्यात भुसा पसरला होता. बायकांचे बूट भुशातून चिखलात गेले, त्या किंचाळल्या, हसल्या. पोरांनी मुठी धरल्या आणि विळा लागायच्या आधीच मूठच्या मूठ हातात आली.

"अय्या, इतकं सोपं असतं?" एक पाहुणी म्हणाली.

रस्त्यावर कुणीतरी जोरात खोकला. लेक पांढरा पडला. सूनबाई पोरांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला, आधी खालच्या आळीत कोंबड्यांची अंडी शोधू या, कोण जास्त शोधतं!" पोरं पळाली, त्यांच्या मागे आया पळाल्या, फोटो काढायला बापही गेले.

वाफ्यात आबा उरला आणि काठीवाला म्हातारा.

म्हाताऱ्याने काठी बांधाला टेकवली. आबाच्या हातातला विळा मागून घेतला, अंगठ्याने धार पाहिली. तेवढ्यावरूनच आबाने ओळखलं, हा हात शेतकऱ्याचा आहे. म्हातारा वाकला, मूठ धरली, आणि थांबला. त्याने पायाने भुसा बाजूला केला. ओल्या मातीकडे पाहिलं. मग मूठ हलकेच वर उचलली. ताटं चिखलातून अलगद बाहेर आली, टोकाला तिरपा कापलेला ताजा घाव.

"पिकलेल्या गव्हाला पाणी कोण देतं?" तो हळू आवाजात म्हणाला.

अख्खं गाव बघत होतं. खोली, पडदे, चिऊ, सगळं त्या म्हाताऱ्याच्या मुठीत होतं.

"कधी कापलात?"

"काल," आबा म्हणाला. "ढग आला होता. मला राहवलं नाही. माझीच चूक आहे, पोराची नाही. त्याला ह्यातलं काही—"

"राहवेल कसं," म्हातारा म्हणाला. तो गव्हाकडेच बघत होता. "माझं शेत नव्या रस्त्यात गेलं. सगळं. गहू असाच पिकलेला होता. म्हटलं, आठ दिवस द्या, काढून घेतो. नाही दिले. उभ्या गव्हावर यंत्र घातलं. मी बांधावर उभा होतो, हातात विळा घेऊन."

त्याने ती मूठ पुन्हा चिरेत रोवली, टाचेने दाबली, डाव्या हाताने घट्ट धरली आणि चिखलाच्या वर वीतभर अंतरावर विळा ओढला. खर्र. मूठ बाजूला ठेवली. दुसरी धरली. विळा सरळ चालला होता. आबा क्षणभर बघत राहिला. मग घरातला दुसरा विळा घेऊन आला आणि त्याच्या शेजारच्या ओळीला लागला. मुद्दाम अर्धी मूठ मागे राहून कापत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी मागे राहिला.

रस्त्यावरचं खोकणं बंद झालं होतं. घागर घेतलेल्या बायकांनी ती खाली ठेवली होती.

पोरं अंडी घेऊन परत आली. म्हाताऱ्याचा मुलगा धावत आला. "बाबा! बास, बास करा! छातीत दुखेल! हे असं किती वेळ?"

"हो बाजूला," म्हातारा म्हणाला. "थोडाच राहिलाय."

त्याने वाफा संपवला. शेवटची पेंढी स्वतः बांधली, ताटांचाच वेढा करून, आणि तिथेच भुशात बसला. सदरा पाठीला चिकटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. त्याचा मुलगा बूट चिखलात गेलेले विसरून त्याच्याजवळ बसला. त्याने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी गिरणीवाला स्वतः गाडीपाशी आला. "आमची गिरणी पण बघा की," तो पाहुण्यांना म्हणाला. "ताजं पीठ नेता येईल." आबाकडे मात्र त्याने बघितलं नाही.

निघताना म्हाताऱ्याने ती पेंढी मांडीवर घेतली. गाडीत भुसा सांडेल म्हणून सूनबाईने खाली चादर घातली. खिडकीतून त्याने आबाला जवळ बोलावलं. "पुढच्या वर्षी हाच आठवडा. पण दोन वाफे आमच्यासाठी उशिरा पेरा. म्हणजे तुमचेही हात थांबतील आणि माझेही चालतील."

"माझे थांबायचे नाहीत," आबा म्हणाला.

"ते खरं," म्हातारा म्हणाला, आणि गाडी गेली.

संध्याकाळी लेक वाफ्यात आला. चिखलात एक मूठ चुकून उभीच राहिली होती. त्याने ती उपटली, तिच्या कापलेल्या टोकाकडे बघितलं आणि एकदम हसायला लागला. हसता हसता बांधावर बसला. आबा जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "मग... उद्या फोन?"

"आधी हे सांगा," लेक डोळे पुसत म्हणाला, "ते दोन वाफे किती दिवसांनी मागे ठेवायचे? पंधरा दिवस पुरतील की तीन आठवडे?"

आबा लेकाच्या शेजारी बांधावर बसला. दारातून कारभारीण बघत होती. हा माणूस बसलाय, आणि उठत नाहीये, हे पाहून ती आधी घाबरली, मग तिने सूनबाईला हाक मारून दाखवलं.

जरा वेळ तो तसाच बसला. मग उठला आणि कुदळ उचलली.

"आता कुठं?" लेक म्हणाला. "पेरणीला सहा महिने आहेत आबा!"

"माहिताय," आबा म्हणाला, "वाफे कुठले ते तर पाहून ठेवतो," आणि चालायला लागला.